पांढरी फरशी

जुलेखाआपांच्या पोरानं पुण्याहून
मोबाइलवर नकाशा पाठवला:
समोरच्या भिंतीला टीव्ही युनिट, वर पीओपी,
पीओपीच्या पोटात निळे दिवे,
फरशी दाणेदार, चॉकलेटी,
'मळ दिसत नाही' असं खाली लिहिलेलं.

आपांनी चष्मा कपाळावर सारून बघितलं.
"दिसला पाहिजे, पांचाळ. फरशीवाल्याला सांगा,
पांढरी टाक. कोरी. एक ठिपका नको तिच्यावर."

मला वाटलं, दवाखान्याची सवय.
तीस वर्षं सिव्हिलला नर्स होत्या,
अर्धी परभणी त्यांच्या हातात पहिल्यांदा रडली.

मग त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला.
आत घड्याळंच घड्याळं,
पट्टे नसलेली, काचा गेलेली,
एकेकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
गंगाखेड, मास्तर.
मानवत, अडतवाले.
पूर्णा, रेल्वेचे गार्ड, घाई आहे.
अब्बांचं दुकान नानलपेठेत होतं.
दुकान उठलं. न्यायला कोणी आलंच नाही.

"उत्तरेची खिडकी कुठली तुमच्या नकाशात?"

ती कपाटामागं जाणार होती.
कपाट सरकलं. टीव्ही आतल्या खोलीत गेला.
सोफा तिघांचा होता, दोघांचा झाला.
पाहुण्यांचं काय, मी विचारलं.
"पाहुणे चहा पिऊन जातात."

टेबल छातीला लागेल एवढं उंच,
कोपर टेकलं की मनगट हलता कामा नये.
मी मापं घेतली: जमीन ते कोपर,
कोपर ते डोळा.
बावीस वर्षांत किती कपाटं केली,
साड्यांच्या मापाची, भांड्यांच्या, देवांच्या.
नजरेचं माप पहिल्यांदाच घेतलं.
कडेला गव्हाएवढी पट्टी, काही घरंगळू नये म्हणून.
खाली कापडाचा खण, झोळीसारखा,
पडलंच तर झेलायला.

पोराचा फोन आला, स्पीकरवर.
अम्मी, घड्याळ आता घालतं कोण?
त्यांनी सगळं ऐकून घेतलं
आणि मला म्हणाल्या,
"डाव्या हाताला अजून एक प्लग द्या."

वार्निश वाळलं, त्या बसल्या.
डोळ्यात भिंग चिमटलेलं, गार्डचं घड्याळ उघडं.
चिमट्यावर बारीक अक्षर होतं, जर्मनी.
मी म्हटलं, जगात जर्मनी...
"भारतात परभणी. बोलू नका, श्वास लागायलाय."

तेवढ्यात स्क्रू उडाला.
झोळी चुकवून, पट्टी चुकवून.
दोघंही गुडघ्यांवर.
तेव्हा कळलं फरशी पांढरी का.
पण मोहरीच्या चतकोराएवढं काहीच
त्या पांढऱ्यात दिसेना.
आपा म्हणाल्या, असू द्या,
गार्ड चाळीस वर्षं थांबलाय.

रात्री घरी पँट झटकली तर
दुमडीतून पडला. टिक्.
नखावर घेतला. आता ठेवू कुठं?

घरभर फिरलो.
माझ्या हातचं माझ्या घरात
एवढंच: उरलेल्या प्लायची एक फळी, दोन खिळ्यांवर.
डब्यांत जिरं, कप्प्यात बिलं,
कोनाड्यात पोरांचे चार्जर.
इतक्या बारीक वस्तूला जागाच नव्हती.

वच्छला उठली. ट्रंकेच्या तळातून
गोल डबी काढली, झाकण घट्ट बसलेली.
"हितं ठेवा. सकाळी मागून घ्या."
आत मणी होते, रंगावार निवडलेले,
आणि अर्ध्या फुलात थांबलेली सुई.

कधीपासून, मी विचारलं.
"झोपा आता," तिनं दिवा घालवला.

आमच्या खोलीची खिडकी
कुठल्या दिशेला आहे,
ते आठवत पडून राहिलो.