कोरं सूत

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी सूत रंगवलं.
लाल, मोरपंखी, शेंदरी सगळे ऐकतात.
काळा ऐकत नाही.
दोनदा हौदात बुडवा, तरी उजेडात धरलं
की कुठंतरी हिरवट झाक दाखवतोच.

लोक म्हणतात, आम्ही काही उन्हात केस पांढरे केले नाहीत.
मी हसतो.
मी उन्हातच केले,
गच्चीवर लड्या वाळत घालता घालता.
चाळिशीत कानशिलं, पन्नाशीत मिशी,
आता भुवईत एक, तारेसारखा ताठ.
त्याचं कारण कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

उमाराणीचं विचारलं सगळ्यांनी.
तेवीस वर्षांची पोर, टॉवेलांना काठ शिवते,
भांगात सहा केस, मग साठ.
कुणी म्हणालं, उपटू नका, एकाचे दहा होतात.
कुणी कढीपत्त्याचं तेल पाठवलं.
चैत्रात पाहुणे बघायला येणार,
तर नरसम्मा विड्या वळता वळता म्हणाली,
रंगारी ना तुम्ही? रंगवा की.

रंगवले.
पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, जुन्या ब्रशनं,
जसं कुणाचंच सूत रंगवलं नव्हतं.
तीन आठवड्यांत मुळाशी पुन्हा नखभर कोरं.
तेव्हा कळलं,
केस पांढरा होत नाही,
तो पांढराच उगवतो.
खाली कुठंतरी हौद आटलेला असतो.

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले.
त्यांचं राहू द्या.

मे महिना. चव्वेचाळीस.
पत्र्याखाली माणूस भाकरीसारखा भाजतो,
आणि उमा म्हणाली,
नान्ना, पंखा बंद करा. चादर द्या.
सोलापुरात चादरीला काय तोटा.
पण मे महिन्यात?
मी तिला पांघरुण घातलं
आणि रात्रभर भिंतीला टेकून बसलो.

साखर पेठेतल्या डॉक्टर नसीमा बागवान
केसांकडं शेवटी वळल्या.
आधी गळा चाचपला, गिळ म्हणाल्या,
पाळीचं विचारलं, झोपेचं, वजनाचं,
जिना चढताना पाय भरून येतात का ते.
मग माझ्याकडं बघून,
मामा, तुमचे वयाचे. बापाचेही असेच असतील.
त्याला तपासणी लागत नाही.
विडी ओढता?
मी खिशावर हात ठेवला.
मग तुमचे थोडे लवकरच आले असणार, म्हणाल्या.

हिचेही घराण्याचे असू शकतात.
नुसते केस असते तर एवढी घाई केली नसती.
पण वय बघा, आणि सोबत काय काय आलंय ते बघा.
असा थकवा, अशी थंडी. रक्त बघूच.
थायरॉईड, बी बारा, लोह,
चिठ्ठीवर तीन ओळी.

मी म्हटलं, आम्ही तर रंगवत बसलो.
त्या म्हणाल्या, रंगवा हो, त्यात काय पाप.
फक्त रंगाखाली काय आहे तेही बघा.

थायरॉईड निघालं.
आता पहाटे उपाशीपोटी एक बारकी गोळी,
चहा तासाभरानं,
आणि नरसम्माची रोजची कुरकुर
की चहाशिवाय पोरगी कशी उठणार.
उठते.
श्रावणात चादर पायाशी गेली,
दसऱ्याला पेटीत.

केसांचं मात्र डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं,
काही परततील, काही नाही,
मी शब्द देत नाही.
उमानं रंग सोडला तो सोडलाच.
भांग तसाच आहे, चांदीच्या रेघेचा.

काल गड्ड्याच्या जत्रेतून आली,
कंगव्यात एक केस अडकला होता.
चष्मा लावून दिव्याखाली धरला.
टोकाला माझा काळा, हिरवट झाक असलेला.
मधे वीतभराला कमी, कोरा.
आणि मुळाशी, दोन गव्हांएवढा,
काळा.

फिरवून फिरवून पाहिला.
झाक नाही.
कुठल्या हौदातला म्हणावा हा?

एकच होता. बाकीचे पांढरेच.
आतून उमा म्हणाली,
नान्ना, दिवा बंद करा ना,
मला सकाळी गोळीला उठायचंय.