पंचावन्न

मुहर्रकच्या शाळेत रात्रभर मोजणी चालली.
पहाटे दोनला शफीकुलच्या मोबाईलवर फरक आला:
एक अरबी पाच, शेजारी आणखी एक अरबी पाच.
त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो.
अकरा वर्षं झाली इथं, अक्षरं येत नाहीत, आकडे येतात,
तरी डोळ्यांना आधी दोन शून्यंच दिसली.
शफीकुल म्हणाला, पंचावन्न. पंचावन्न मतांनी आला.

त्याचा बोर्ड मीच लावला होता.
आठ बाय बारा, चारी कोपऱ्यांना तार,
वर मुबारकचं हसू, खाली हिरव्या अक्षरांची ओळ.
ओळंबा बरोबर धरला होता, एवढंच माझं.
अर्थ फोरमननं सांगितला, शिडी धरल्या धरल्या,
जरा कानकोंडा होऊन:
आमचा फरीज आमच्या कुटुंबांचा.
म्हणजे तुम्ही सडे लोक इथून निघा.

सडे.
मला दोन मुली आहेत, धाकटी सातवीत.
टेकबहादुरची बायको पोखऱ्यात दुकान चालवते.
शफीकुलला तर नातू झाला परवा,
फोनवरूनच त्याच्या कानात अजान दिली यानं,
न्हाणीत जाऊन, दार लावून.
कागदावर मात्र आम्ही सहाही जण
सडेफटिंग.

लुल्वाबाई पडल्या.
इंजिनिअर बाई. प्रचाराला आल्या तेव्हा
गल्लीत उभ्या राहून आमच्या खिडक्या मोजत होत्या.
माणशी किती मीटर, किती माणसांत एक न्हाणी,
आग लागली तर दुसरी वाट कुठून,
आणि भाडं घेणाऱ्याचं नाव दारावर.
हे शेवटचंच नडलं म्हणतात.

आमचा घरमालक घानिम राहतो पुलापलीकडे,
समुद्र बुजवून बांधलेल्या सरकारी घरात.
मत अजून याच पत्त्यावर.
सकाळी हलव्याचं भांडं घेऊन आला, केशरी, चिकट.
आपला माणूस आला, म्हणाला.
आम्ही खाल्ला. चांगला होता.
जाताना उंबऱ्यातून सांगितलं,
पुढच्या महिन्यापासून माणशी दोन दिनार जास्त,
आता जोखीम वाढली ना.

हसलो असतो मी.
पण गेल्या मे महिन्यात चिपळूणहून शलाकाचा फोन आला होता.
सोसायटीची मीटिंग होती. चौथ्या मजल्यावर
लोट्याच्या कारखान्यातली पोरं राहतात, कुठली कोण,
जिन्यात चपलांचा ढीग, रात्री उशिरापर्यंत गाणी.
ठराव आलाय, फॅमिलीशिवाय कुणाला फ्लॅट द्यायचा नाही.
सही करू का?
मी फ्लेक्सला कड्या ठोकत होतो.
म्हटलं, कर की. आपल्याला मुली आहेत.

हे खोलीत कुणाला सांगितलेलं नाही.

बोर्ड उतरवायचं कामही आमच्याच दुकानाला,
आलेल्याचा आणि पडलेलीचा, दोन्ही.
लुल्वाबाईंचा फ्लेक्स पाण्याच्या टाकीला गुंडाळला.
मुबारकचा जाड होता, तो गच्चीत अंथरला,
चेहरा खाली करून. कुणाच्या हसण्यावर
झोप लागत नाही.
नोव्हेंबरात गच्ची बरी असते.

गुरुवारी बलदियाचा माणूस आला.
माणूस कसला, पोरगा, मिसरूड फुटलेला, टेप आणि फॉर्म.
गाद्या मोजल्या. सिलिंडर मोजले.
खिडकीला टेप लावली, परत लावली.
मग पाठ केल्यासारखं हिंदीत विचारलं,
फॅमिली कितना?
बीजूनं माझ्याकडे पाहिलं. बोलायचं काम नेहमी माझंच.
मी सहा बोटं दाखवली.

त्यानं खाटा पाहिल्या, खाटांखालच्या बॅगा पाहिल्या,
भिंतीवरचे फोटो पाहिले,
पुन्हा माझी बोटं.
आणि चौकोनात शून्य लिहिलं.

त्यांच्या शून्याला गोल बिल काही नसतो.
पेन टेकवायचं, उचलायचं.
एक ठिपका.