शेऱ्याचा रकाना

सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.
दिवसातून तीनदा मी घाटाच्या पायऱ्या उतरतो
आणि पांढऱ्या पट्टीवरचा काळा आकडा
निळ्या वहीत आणून ठेवतो.
अकरा वर्षं झाली. नदीने मला
आकड्यापलीकडे काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

कवडू वलथरे जाळं खांद्यावर टाकून जाताना थांबतो.
"पान्याची उंची मोजतेस गा मास्तर," म्हणतो,
"पान्याची चाल कोन मोजते?"
तो ढिवर. त्याच्याकडे पट्टी नाही.
घोट्याला पाणी कसं घासतं, पोटरीला कसं ओढतं,
मांडीशी आल्यावर कसं गप्प होतं,
त्यावरून सांगतो: इथे बोटरी, इथे वाम,
तिथे, सरकत्या पाण्यात, वाटोळ्या गोट्यांवर
खडशी.
"होती," म्हणतो मग. आणि बिडी शोधतो.

तिचं खवलं तांब्याच्या पैशाएवढं.
कवडूच्या लहानपणी पोरं त्याचेच पैसे करून
दुकान-दुकान खेळायची.
आता नातवाला दाखवायचं तर
आगपेटी उघडावी लागते.

वर, बावीस कोसांवर, धरण आहे.
धरणात पाणी आहे. कागदावर नदीतही आहे;
वर्षाची सरासरी काढली तर
दरसाल जवळपास तेवढंच.
पण मासोळी सरासरीत राहत नाही.
ती राहते भादव्यातल्या एका आठवड्यात,
पूर ओसरतो, गढूळ निवळतं,
पाणी उतरत जातं त्या उतरण्यात,
जशी म्हातारी बाई बैलगाडीतून उतरते:
एक पाय, जरा थांबून दुसरा.

यंदा नऊ दिवस दारं उघडी होती.
दहाव्या रात्री, कोणाच्या तरी आदेशाने, बंद.
माझ्या वहीत: काल सहा वाजता, दोन पूर्णांक एक.
आज आठ वाजता, शून्य पूर्णांक सात.
दोन ओळी, एकाखाली एक.
मधली रात्र लिहायला जागा नाही.

ओल्या गोट्यांवर काहीतरी पिवळं होतं.
मला वाटलं, कोणाचे भिजवलेले मेथीदाणे सांडले.
कवडू वाकला, एक गोटा उचलला,
डोळ्यांजवळ नेला,
आणि होता तसाच ठेवला, त्याच कुशीवर.
"तेच," म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
ऊन धानाच्या बांधापर्यंत आलं होतं.

फावडं त्याने आणलं, घमेलं सायत्राबाईने.
वरच्या डोहाच्या कडेचे चार दगड हलवले,
हातभर वाळू कापली.
बोटाएवढी धार निघाली, वाट चुकली,
पुन्हा वळवली, गोट्यांत शिरली.
"गावात सांगू नोका," सायत्राबाई म्हणाली,
"हासतीन लोक. मासोया पकडनारे
मासोयाईची बाळंतपनं करतेत म्हनून."

बारा वाजता पट्टी वाचली: शून्य पूर्णांक सात.
सहाला: शून्य पूर्णांक सात.
त्या धारेची पट्टीला खबर नव्हती.

चौथ्या दिवशी गोटे रिकामे.
पिल्लं गेली की बगळे येऊन गेले,
कोण जाणे.

वहीत उजव्या टोकाला एक रकाना आहे: शेरा.
अकरा वर्षं तिथे निरंक, निरंक, आकाश ढगाळ, निरंक.
त्या दिवशी मी लिहिलं होतं:
गोट्यांवर अंडी. पाणी फार लवकर गेलं.
सोमवारी फोन आला. साहेब माणूस चांगला आहे.
"कोणाची अंडी?" विचारलं.
मी नाव सांगितलं.
पलीकडे पंखा फिरत होता, कागद उडत होते.
"बरं," साहेब म्हणाले, "पण हे
कोणत्या नमुन्यात बसवू?"

आता आकडा वाचण्याआधी मी चपला काढतो,
घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहतो.
गार लागतं. वाळू टाचेखालून सरकते.
अजून काही कळत नाही.
कवडू म्हणतो, कळन गा,
धा-बारा वर्सं जातेत.