नऊशे बैसा

रुवीच्या मागल्या गल्लीत, वालजीशेठच्या दुकानात
अकरा वर्षं मी भाव चिकटवले.
लेबलं मारायची बंदूक कमरेला,
शिजू मला ठाणेदार म्हणायचा.

त्या साली व्हेगा आला. काळा, जड, भाकरीच्या तव्याएवढा.
एकशे एकोणपन्नास रियाल नऊशे बैसा.
दीडशे म्हणायचं नाही.
इथे रियालात हजार बैसा,
राहिलेल्या शंभरात फार तर एक चहा,
पण तेवढ्याच फटीतून
गिऱ्हाईक आत शिरतं, असं शेठचं मत.

शिरलं नाही.
समोरच्या दुकानातल्या यंत्रात फुटबॉल होता, गाड्यांची शर्यत होती.
आमच्याकडे एक बेडूक, पुलांवरून उड्या मारणारा.
दुबईहून फॅक्स: एकशे एकोणीस नऊशे.
रमजानच्या तोंडावर: नव्व्याण्णव नऊशे, बेडूक फुकट.
मग एकोणऐंशी नऊशे.
खरेदीच ब्याऐंशीची. मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबला.

शेठ हसले. यंत्रावर कमवायचंच नसतं, इद्रिस.
यंत्र म्हणजे उंबरठा. कमाई आत:
नवे गेम, दुसरा कंट्रोलर,
आणि हे मेमरी कार्ड,
आपल्याला दीडला पडतं, जातं साडेसहाला.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
आमच्या घरी ही म्हण म्हणजे कुरकुर होती,
इथे ते धोरण होतं, सही-शिक्क्यासकट.
फक्त मसाला खपायला
कोंबडी आधी कुणाच्या तरी घरी जावी लागते.

हर्णैच्या बंदरावर मी लिलाव पाहिलेत.
उजेड उतरतो तसा सुरमईचा भाव उतरतो,
आणि कुणाला कुणाचा राग येत नाही.
मासळी स्वतःच सांगते, आता द्या.
व्हेगाला वास येत नव्हता, एवढीच अडचण.

दर गुरुवारी संध्याकाळी बरकाहून खल्फान यायचा,
पाण्याचा टँकर लांब उभा करून.
त्याचा हैथम नमुन्याच्या यंत्रापुढे मांडी घालायचा,
बाप भाव विचारायचा, मान हलवायचा,
आणि पोराचा पूल ओलांडून होईपर्यंत थांबायचा.

एका गुरुवारी त्याने ऐंशी मोजले.
दहादहाच्या आठ नोटा, एक टेपने जोडलेली.
माझ्या खिशात सकाळचा फॅक्स:
शनिवारपासून एकोणसाठ नऊशे. तोवर बोलू नये.

मी बोललो. हळू, माझ्या मोडक्या अरबीत.
शनिवारी या.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे.
हातात आलेले पैसे परत करणारा दुकानदार
त्याने पाहिला नसावा.
यंत्रात खोट असणार, नाहीतर ह्याच्यात.
नोटा घडी होऊन खिशात गेल्या.
हैथमने कंट्रोलर खाली ठेवला, वायर नीट गुंडाळून.

शनिवारी ते आले नाहीत.
पुढल्या गुरुवारी शिजूने त्यांना पाहिलं,
समोरच्या दुकानातून खोकं घेऊन निघताना.
एकशे पंधरा दिले म्हणे.

महिन्याभरात शेवटचा फॅक्स आला: व्हेगा बंद,
उरला माल परत.
मी खोक्यांवरची लेबलं नखाने सोलत बसलो.
पाच थर. सगळ्यांत खाली ते दीडशेच्या आतलं,
अजून कोरं करकरीत.

नमुन्याचं यंत्र बांधण्याआधी एकदा चालू केलं.
बेडूक चौदाव्या पुलावर थांबला होता,
खाली हैथमचं नाव, अरबीत.

यंत्र परतीच्या यादीत गेलं. त्यातलं कार्ड मी काढलं,
गल्ल्यात साडेसहा रियाल टाकले.
नोकरांना दहा टक्के सूट होती, मागितली नाही.
कुणी नेलं, शेठने विचारलं.
गिऱ्हाईक होतं एक, म्हटलं, घासाघीस न करणारं.

वर्षअखेर हिशेब लागला.
व्हेगाच्या पानावर सगळीकडे लाल शाई,
आणि पूर्ण किमतीला गेलेली
ती एकच ओळ.