हार

इथे समुद्रावरून चढणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मी फर्गसला सांगितलं,
आमच्याकडे तो हार गळ्यात पडतो
आणि ती हार पत्करावी लागते;
तुमची ही कुठली, ते कळेना.
तो म्हणाला, "हं,"
आणि केटल लावली.

तीन आठवडे रिगवर, तीन आठवडे घरी.
सहा वर्षं.
माझ्या मानेमागे, केसांखाली एक जागा आहे,
ती त्याला अंधारात, हातमोज्यातूनसुद्धा सापडते.
मला भाऊ किती, हे दर नाताळला विचारतो.

आई गेली तेव्हा तो घरी होता.
"वाईट झालं," म्हणाला, दोनदा,
आणि बाथरूममधला गळका नळ खोलून बसला.
मी दारात. तिकीट मिळत नव्हतं.
पाना फिरवताना त्याच्या दंडावरची शीर
वर यायची, बुडायची,
आणि मी ती बघत होते.
आईला जाऊन चार तास झाले होते.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो नसतो तेव्हा मी शहाणी असते.
टेस्कोच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून
वाक्यं पाठ करते, आधी मराठीत, मग त्याच्या भाषेत.
रोझमाउंटला एक खोली घेऊन ठेवलीय,
खिडकीसमोर ग्रॅनाइटची भिंत, भाडं जेमतेम झेपेलसं.
मग तो येतो. दारातच बॅग टाकतो.
डिझेल, स्वस्त साबण, कानांच्या पाळ्या थंडगार.
स्वेटरखाली हात शिरतात
आणि पाठ केलेलं सगळं
पाठीवरूनच घसरून जातं.
नंतर तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.
मी छताशी बोलते.

आज तो यायचा होता.
सकाळीच सामान भरायला घेतलं: पासपोर्ट, आईची चांदीची वाटी,
लोकरी पायमोज्यांचे दोन जोड.
रोझमाउंटची किल्ली कोटाच्या खिशात.
दुपारी मेसेज: हेलिकॉप्टर उडत नाही. उद्या बघू.
म्हणजे एक अख्खी रात्र, फुकटात,
आणि अडवायला कुणी नाही.

खिडकीशी गेले.
बंदर नाही, रस्त्यावरचा दिवा नाही,
सीगल नुसते ओरडण्यापुरते.
अंग असं रुसलं,
पाटावर बसवून पुढचं ताट उचलून नेल्यासारखं.
बॅगेची चेन अर्धीच लागली होती.

"हार आली," मी म्हणाले.
बोलून गेल्यावर लक्षात आलं,
आला म्हटलं नाही.