सांभळ

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं
तांब्याची पट्टी गुंडाळत होते मी,
बोटभर रुंद, कागदात लपेटलेली.
कॉइल पुरी झाली की क्रेनला लटकून
भिंतीपलीकडे जायची.
पलीकडून काही आलंच
तर लाल चिठ्ठी यायची: रिजेक्ट.
का, ते लिहायला चिठ्ठीत जागा नव्हती.

मग फणसे मॅडम आल्या,
हातावर एकही चट्टा नसलेल्या.
तीन दिवस कँटीनमध्ये शिकवणी.
पहिले दोन दिवस आम्ही आलटून पालटून पेंगलो.
तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर
एक जळालेली कॉइल ठेवली, उभी कापून.
आत, सदतिसाव्या वेढ्याशी,
तांब्याची एक कड, कुसळाएवढी.
तिनं कागद कुरतडला होता
सहा महिने, गुपचूप.
हे कुणाच्या हातचं, मॅडम बोलल्या नाहीत.
पट्टीच्या टोकाला सुती फीत होती.
मी माझी गाठ ओळखली.

तेव्हापासून आधी अंगठा बघतो, मग डोळे.
लाल चिठ्ठ्या थांबल्या.
दिवाळीआधी फाटकाजवळच्या फळ्यावर माझा फोटो लागला,
खाली ‘वासुमती हेंद्रे’,
नावात एक काना जास्तीचा.
शिवाय पाच लिटरचा कुकर.

परवीनबेनच्या कॉइलला
चौदा वर्षांत एक लाल चिठ्ठी नाही.
म्हणून फोटोही नाही.
जी कधी चुकलीच नाही
तिची सुधारणा मोजायची कशी?
बसमध्ये ती शेजारी बसली
तेव्हा कुकरची पिशवी मी
खिडकीच्या बाजूला सरकवली.

टेस्टिंगच्या जसुभाईंनी
एका शनिवारी मला भिंतीपलीकडे बोलावलं.
पिवळ्या साखळीशी उभं केलं.
पुढं टाकी, घराएवढी,
आत तेलात बुडालेली माझी कॉइल.
त्यांनी दाब चढवला, आणि बोट वर केलं:
“सांभळ. आ तारी छे.”
सांभळ म्हणजे ऐक, हे बडोद्यात पोरासोरांना कळतं.
पण त्या घुमण्यात माझ्या मराठी कानानं
तिथंही एक काना घातला.
सांभाळ.
साठ सेकंद.
कुठं तडकलं नाही.
एकच सूर, जाड, पायाच्या तळव्यांतून वर येणारा,
आणि मला कळेना
हात कुठं ठेवावेत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
परवीनबेनला घेऊन गेले,
जसुभाईंना आधीच सांगून ठेवलं होतं.
तिनं ओढणी कानामागे सारली.
एक मिनिट उभी राहिली.
मग म्हणाली, चल, सुट्टी संपली.

त्या दुपारी तिचं मशीन
रोजच्यापेक्षा हळू चाललं होतं.
सुपरवायझरनं दोनदा घड्याळ पाहिलं.
मी मान वर केली नाही.