अगरिटा

पहिलं रोप मी मारलं.
पाणी घालून.
रोज सकाळी, चहाच्या आधी, तांब्याभर.
तिसऱ्या आठवड्यात पानं राखेच्या रंगाची झाली,
तरी घालतच राहिले.
कुंपणापलीकडून ओटिली क्नॉप म्हणाली,
"त्याचं तुझ्यावाचून अडत नाही,
एवढं आधी मनाला सांग."

ड्रिपिंग स्प्रिंग्ज, टेक्सस.
गावाच्या नावात झरे ठिबकतात,
आणि दाराला पत्रक:
बागेला पाणी आठवड्यातून एकदा,
तेही रात्री आठनंतर.
यशोधनची हिरवळ,
ट्रकमधून गुंडाळ्या होऊन आलेली,
चटईसारखी आली, पायपुसण्यासारखी गेली.
तो अजून तिच्या कडेकडेनं चालतो.

दुसऱ्या खेपेला बी ओटिलीनं दिलं,
ओल्या वाळूत कालवून, आइस्क्रीमच्या डब्यात.
तीन महिने ते फ्रिजमध्ये
लोणच्याच्या बरणीशेजारी थंडी सोसत बसलं.
यशोधननं दोनदा झाकण उघडलं,
दोनदा नाक मुरडलं.
डब्यावर मी ठळक लिहिलं:
खाऊ नये. उठवू नये.

मग पहार.
वर चार बोटं माती,
खाली चुनखडी, घाव घातला की
भांडं पडल्यासारखी वाजणारी.
खड्ड्यात खत घालू का, विचारलं.
ओटिली नुसती हसली.

पाच वर्षांत कमरेपर्यंतही नाही.
बेलासारखी तीन-तीन पानं,
पण प्रत्येक टोकाला सुई;
महादेवाला वाहायची तर
आधी बोटाचं रक्त वाहावं लागेल.
एकदा गारपिटीत फांदी मोडली,
आतलं लाकूड पिवळंधमक.
दारुहळद!
डोळे आले की आई उगाळायची ती.
तिचीच ही लांबची चुलत बहीण,
आडनाव बदलून इथे नांदणारी.
मी बराच वेळ ती फांदी हुंगत उभी.
वास कशाचाच नव्हता.

वास फेब्रुवारीत येतो.
पिवळी, मोहरीएवढ्या कळ्यांची फुलं,
आणि तांदळाच्या कणीएवढ्या मधमाश्या
ज्यांचं नाव ओटिलीलाही ठाऊक नाही.
मे महिन्यात लाल फळं.
करवंदांसारखी तोडायची सोय नाही;
खाली जुनी चादर पसरायची,
काठीनं झोडपायचं,
आणि अर्ध्यावर थांबायचं.
का थांबायचं, ते पाखरांना विचारावं.

यंदा आत कुणीतरी राहायला आलंय.
पहाटे हाक येते, दोन खालच्या सुरात, एक चढती.
ओटिली म्हणते, हा बॉबव्हाइट,
बारा वर्षांनी ऐकला. डोळे पुसते.
मला ते स्पष्ट ऐकू येतं:
अगं, अगं — ये!

आणि परवा, वाकून पाहताना,
जाळीच्या पार मध्यभागी
वीतभर ओक.
मी लावलेला नाही.
बाहेरचे सगळे हरणांनी खुडले,
इथवर त्यांचं तोंड पोचत नाही.
"असेच वाचतात ते," ओटिली म्हणाली,
"मग मोठे होतात, सावली धरतात,
आणि त्या सावलीत ही विरळ होत जाते."
"मग हिला काय मिळालं?"
ती चादरीच्या घड्या घालत राहिली.

यशोधन तांब्या घेऊन आला.
मी काही बोलले नाही.
त्यानं हात आत घातला,
लगेच काढला,
मनगटावरचे ओरखडे मोजले,
आणि पाणी स्वतःच प्यायला.